वाकडं चालेल, सैल नको

आपण मोठ्या माणसाला भेट देतो तेव्हा ती नाकारायची सोय त्याच्याकडे असते. साडी आवडली नाही तर ती कपाटाच्या तळाशी जाते. भिंतीवरचं घड्याळ आवडलं नाही तर पुढच्या लग्नात ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडतं. तोंडावर ‘छान आहे हं’ म्हणायचं आणि मागाहून हळूच निकाल लावायचा, हे आपण सगळेच करतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला यातलं काही करता येत नाही. अंगाखाली जे अंथरलं जाईल त्यावर ते लोळणार, हाताला जे लागेल ते तोंडात घालणार. त्याला आवडनिवड नाही, तुलना नाही, ‘थँक यू’ तर नाहीच. मग त्याच्यासाठी केलेलं काम चांगलं झालं की वाईट, हे ठरवायचं कुणी?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका गोधडीमुळे. माझ्या मामेबहिणीला बाळ होणार आहे आणि त्याच्यासाठी मी गोधडी शिवायला घेतली आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. राजोडीत राहतो, आठवड्यातले काही दिवस नालासोपाऱ्याहून लोकल पकडून ऑफिसला जातो, बाकीचे दिवस घरून काम. शर्टाचं बटण लावण्यापलीकडे सुईशी माझा कधी संबंध आला नव्हता.

आमच्याकडे समुद्र इतका जवळ आहे की थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेपुरती पाहुणी. त्यामुळे गोधडी पांघरण्यापेक्षा अंथरण्यासाठीच जास्त. दक्षिण महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी, बंगालात हिचीच बहीण कांथा. कृती सगळीकडे साधारण सारखी: जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक ठेवायचे आणि धावदोऱ्याने एकत्र शिवायचे. बाळाला सुरुवातीला जुनं कापड वापरावं, या आपल्याकडच्या रीतीला अर्थ आहे. नव्या कापडाला खळ असते, ते ताठ असतं. आजीच्या लुगड्याला वर्षानुवर्षांच्या धुण्याने आलेला मऊपणा कुठल्याही गिरणीला पहिल्या दिवशी देता येत नाही.

कृती वाचायला एक मिनिट लागतं. हाताने करायला बसलं की कळतं, की कापडाचे तीन थर म्हणजे तीन वेगवेगळ्या स्वभावाची माणसं. वरचा थर ताणून सपाट केला की खालच्याला चुणी पडते. कच्चे टाके घालून सगळं टाचून घेतलं तरी मधला तुकडा सरकतोच. दोरा लांब घ्यावा तर त्याला पीळ पडून मध्येच गाठ बसते. आखूड घ्यावा तर दर थोड्या वेळाने सुई ओवत बसा. सुई थरांतून आरपार जाते खरी, पण खाली नेमकी कुठे निघाली ते वरून दिसत नाही. वरचा टाका तांदळाएवढा आला तर खालचा वालाएवढा. आमच्या दमट हवेत बोटांना घाम येतो आणि सुई निसटते. खडूने सरळ रेघ आखलेली असते, तरी टाके त्या रेघेवरून दारू प्यायल्यासारखे चालतात.

आणि उसवणं. आमच्या कामात अनडू असतं. कोडची कालची आवृत्ती परत आणली की मधलं काही घडलंच नव्हतं, इतकं सगळं स्वच्छ होतं. कापडावर उसवलेल्या टाक्यांची भोकं ओळीने राहतात. जुनं कापड तर तिथे विरूही लागतं. म्हणजे वाकडी ओळ ठेवा किंवा भोकं ठेवा, तिसरा पर्याय नाही.

एखादी गोष्ट समजते आणि तरीही येत नाही, याचा त्रास काय असतो ते माझ्या पिढीला फारसं माहीत नाही. व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, पुन्हा बघायचा, की झालं. मराठीत मात्र आपण ‘मला पोहता येतं’, ‘तिला शिवता येतं’ असं म्हणतो. विद्या आपल्याकडे ‘येते’. ओढून आणता येत नाही. ‘अजून हात बसला नाही’ असंही म्हणतो. डोक्याला सगळं पाठ आहे, पण हात अजून जागेवर बसलेला नाही. डोकं आणि हात यांच्यातल्या या अंतराचा राग येतो. सरळ ओळ कशी दिसते हे डोळ्यांना नेमकं ठाऊक असतं, म्हणूनच वाकडी ओळ इतकी खुपते.

असा वैतागलेला माणूस बघितला की लोक दोन प्रकारे समजूत घालतात. पहिला प्रकार: ‘अरे, प्रेमाने करतोयस ना, मग झालं! बाळाला काय कळतंय?’ दुसरा प्रकार: ‘कशाला जिवाला त्रास? ऑनलाइन मागव, दोन दिवसांत येईल.’ दोन्ही सल्ले मायेचेच आहेत, पण ते तपासून बघण्यासारखे आहेत.

आधी पहिला. ‘प्रेमाने केलंय’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते काम तपासू देत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी माझी अर्धी झालेली गोधडी हातात घेतली तेव्हा मी वरची बाजू दाखवत होतो. त्या म्हणाल्या, “अरे, वरून काय बघायचं? उलटी कर.” मग त्यांनी मागच्या बाजूच्या एकेका टाक्याखाली करंगळीचं नख घालून ओढून पाहिलं, गाठी चिमटीत धरून खेचल्या. वरच्या नागमोडी ओळींबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, “वाकडं चालेल रे, सैल नको.”

यातलं ‘सैल नको’ नीट समजून घेण्यासारखं आहे. टाका मोठा आणि सैल असेल तर मागच्या बाजूला दोऱ्याचा फास तयार होतो. बाळाचं बोट त्यात सहज जातं. केस किंवा दोरा बाळाच्या हातापायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन करकचतो, बोट सुजतं, रक्तपुरवठा अडतो, हा प्रकार बालरोगतज्ज्ञांना चांगला माहीत आहे. बाळ फक्त रडतं. कुठे दुखतंय हे सांगत नाही. कच्ची गाठ सुटली की दोऱ्याचं टोक तोंडात जातं. शोभेसाठी लावलेलं बटण किंवा टिकली निघाली तर ती घशात जाऊ शकते. जरीचा काठ दिसतो सुंदर, पण कोवळ्या कातडीला टोचतो.

आम्ही सॉफ्टवेअरमधले लोक बगची वर्गवारी करतो. एखादं बटण दोन पिक्सेल डावीकडे सरकलं, हा एक बग. एखाद्याचे पैसे भलत्याच खात्यात गेले, हा दुसरा. दोन्ही दोषच, पण दोघांना एका रांगेत उभं करत नाही. गोधडीच्या दोषांचीही अशी वर्गवारी करता येते, आणि निकष अगदी सोपा आहे: हा दोष कुणाला भोगावा लागणार? ओळ वाकडी गेली, रंग जुळले नाहीत, एक कोपरा अर्धा इंच मोठा झाला, हे दोष माझ्या अहंकाराला भोगावे लागतात. बाळाला त्यांचं काहीच नाही. फास, सुटी गाठ, टोचणारी जर हे दोष बाळाला भोगावे लागतात. गंमत अशी की माझी सगळी चिडचिड पहिल्या यादीवर खर्च होत होती, कारण ती यादी वरच्या बाजूला होती. दुसरी यादी मागच्या बाजूला होती, जिथे पाहुणे बघत नाहीत.

‘प्रेमाने केलंय, चालतं’ या वाक्याचा दोष इथेच आहे. पहिल्या यादीसाठी ते अगदी बरोबर आहे. दुसऱ्या यादीसाठी ते अजिबात चालत नाही. गाठ घट्ट आहे की नाही, याच्याशी प्रेमाचा संबंध नाही. दोन वेळा दोरा फिरवून ओढली असेल तर ती घट्ट असते.

या वाक्यामुळे आणखी एक गोष्ट झाकली जाते. गोधडी म्हटलं की आपल्याकडे ‘मायेची ऊब’ हे शब्द आपोआप येतात. ‘आजीच्या हातची’ म्हटलं की डोळे ओले होतात. पण तिच्या हाताला काय येत होतं, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे पैसे घेऊन शिवणारा बहुतेक वेळा पुरुष. त्याला आपण शिंपी म्हणतो आणि ते कसब धरतो. बोटात अंगुस्तान घालून तो सुई ढकलतो तेव्हा तो कारागीर असतो. घरी फुकट शिवणारी बाई असते. तिच्या कामाला आपण माया म्हणतो. तेच कापड, तीच सुई, पण एकाचं कौशल्य आणि दुसरीचा स्वभाव. माया मोजायची नसते, त्यामुळे तिचं कौशल्यही कधी मोजलं गेलं नाही. अंधुक दिव्यात, दिवसभराच्या कामानंतर, तांदळाएवढे टाके ओळीने घालणं म्हणजे काय, याचा अंदाज नवशिक्याला पहिल्या चार ओळींतच येतो. या चिडचिडीचा निदान एवढा उपयोग झाला.

आता कुणी म्हणेल, हाताने केलेल्या वस्तूचा वाकडेपणा हेच तर तिचं सौंदर्य. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांपासून घरात वापरण्यासाठी शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. त्यांच्या रेघा सरळ नाहीत. आपल्या जवळ, गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायका कवंदी शिवतात ती कडेपासून आत, मध्याच्या दिशेने. तुकडे हाताला येतील तसे लावत जातात. पण चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांचा ‘फुला’ लावल्याशिवाय कवंदी पूर्ण होत नाही. तो नसेल तर ती उघडीवाघडी समजतात. म्हणजे तिथे सरळपणाचा आग्रह नाही, पण दुसऱ्या एका गोष्टीचा पक्का आग्रह आहे.

हे वाचून मला बरं वाटलं, पण यातून सोयीचा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. जीज बेंडच्या किंवा सिद्दी बायकांच्या रेघा वाकड्या आहेत त्या हात बसल्यानंतरच्या. त्यांनी ठरवलं असतं तर त्या सरळही गेल्या असत्या. माझी रेघ वाकडी आहे कारण तिला दुसरं काही येतच नाही. या दोन वाकडेपणांना एकच नाव देणं म्हणजे त्या बायकांचं कसब पुन्हा एकदा नाकारणं. नवशिक्याच्या वाकड्या ओळीला सौंदर्य म्हणायची गरज नाही. तिच्याने कुणाचं नुकसान होत नाही, एवढं पुरेसं आहे.

इथे आपल्याकडचा एक मोठा शब्द आठवतो, निष्काम कर्म. ‘काम करत राहा, फळाची चिंता करू नका’ असा त्याचा ढोबळ अर्थ शाळेपासून कानावर पडतो. पण कुठल्या फळाची? मला मिळणारं कौतुक, बारशाच्या दिवशी ‘अय्या, मुलगा असून शिवतो!’ असं ऐकू येणं, हे माझं फळ. त्याची आसक्ती सोडावी, हे पटतं. गोधडी ज्याच्या अंगाखाली जाणार त्याच्यावर तिचा काय परिणाम होणार, हेही ‘फळ’ म्हणून सोडून द्यायचं का? तसं केलं तर निष्कामपणा आणि निष्काळजीपणा यांत फरक उरणार नाही. स्वतःला मिळणाऱ्या फळावरून लक्ष काढायचं ते दुसऱ्याला मिळणाऱ्या फळाकडे जास्त लक्ष देता यावं म्हणून, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आता दुसरा सल्ला: विकत घे. हा सल्ला पहिल्यापेक्षा मजबूत आहे. मशीनवर शिवलेल्या गोधडीचे टाके एकसारखे, घट्ट. बाळाच्या दृष्टीने पाहिलं तर विकतच्या चांगल्या गोधडीत कमी काही नाही. उलट हेही सांगायला हवं, की पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरुणं, उशा, मऊ गाद्या ठेवू नयेत असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्ससारखी संघटना सांगते. श्वास अडण्याचा धोका असतो. म्हणजे गोधडी, विकतची असो वा हातची, बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसलेलं असताना जमिनीवर अंथरायची. कितीही मायेने शिवली तरी झोपलेल्या बाळाच्या अंगावर टाकायची नाही. शिवणाऱ्याला हे ऐकायला जड जातं. पण बाळासाठी करतोय असं म्हणायचं असेल तर हेही ऐकायलाच हवं.

मग शिवायची कशाला? बाळाला हाताने शिवलेलीच हवी, असं म्हणणं खोटं ठरेल. मला याचं उत्तर मिळालं ते घराजवळच्या इतिहासात. राजोडीपासून काही किलोमीटरवर सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा डबीत डबी ठेवलेला करंडक सापडला. सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत होत्या मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी त्या जपल्या होत्या. तुकड्यांची किंमत ओळखणारी ही परंपरा. भिक्षूंची चीवरंही तुकडे जोडून शिवलेली असत. मगधातल्या बांध घातलेल्या शेतांसारखी त्यांची रचना करायला बुद्धाने आनंदाला सांगितलं आणि आनंदाने ती करून दाखवली, अशी कथा विनयपिटकात आहे.

तिथेच आनंदाची आणखी एक गोष्ट आहे. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजाला ते खटकलं. एवढ्या वस्त्रांचं हा करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जुनी झालीत त्यांना वाटेन. आणि ती जुनी चीवरं? त्यांची अंथरुणं करू. जुन्या अंथरुणांचं? गाद्यांचे अभ्रे. त्या अभ्र्यांचं? जमिनीवर अंथरू. तेही जुनं झालं की? पायपुसणी. मग धूळ झटकायचे फडके. आणि फडके? कुटून चिखलात मिसळू आणि जमीन सारवू. राजाचं समाधान झालं.

या गोष्टीत आनंद राण्यांच्या श्रद्धेबद्दल एक शब्दही बोलत नाही. दिलेलं कापड शेवटच्या धाग्यापर्यंत कुणाच्या उपयोगी पडेल, याचा हिशेब तो देतो. देणाऱ्याचा मान त्याने या हिशेबातून राखला. मला वाटतं, गोधडी शिवण्याचं कारणही इथेच कुठेतरी आहे. घरात आजीची लुगडी आहेत. ती नेसणार कुणी नाही, टाकवत नाहीत. त्यांचा पुढचा उपयोग मला ठाऊक आहे आणि तो करायला थोडं कौशल्य लागतं, जे अजून माझ्याकडे आलेलं नाही. शिवायला बसल्यामुळे बाळाच्या बोटाची जाडी किती, ते काय चोखेल, पाय किती लांब पसरेल, याचा विचार करावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपण मोठ्यांना सांगतो. बाळाच्या बाबतीत पाय पाहून अंथरूण करावं लागतं. विकत घेताना हा विचार आपल्यासाठी दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो, कदाचित आपल्यापेक्षा चांगला. ज्याला वेळ नाही त्याने खुशाल विकत घ्यावी. त्यात प्रेम कमी पडत नाही.

तरी एक अवघड प्रश्न उरतो. हात बसायचा तर काम करावंच लागतं. ॲरिस्टॉटल म्हणायचा की घरं बांधूनच माणूस घरं बांधणारा होतो. पण वाईट बांधत राहिला तर वाईट बांधणाराच होतो, हेही त्याने सांगितलं होतं. आणि कुठलंही काम शिकताना ते कुणावर तरी शिकलं जातं. नवा डॉक्टर पहिलं इंजेक्शन कुणाला तरी देतो. नवी शिक्षिका पहिला वर्ग कुठल्या तरी मुलांवर घेते. ऑफिसातल्या नव्या मुलाचा पहिला कोड कुणाच्या तरी फोनवर चालतो. त्या लोकांनी नवशिक्या हातांना परवानगी दिलेली नसते. शिकणाऱ्याचा शिकण्याचा हक्क आणि समोरच्याचा सुरक्षित राहण्याचा हक्क, दोन्ही खरे आहेत.

यावर माझ्यापाशी तरी एवढंच उत्तर आहे: दोषांची यादी वेगळी करा. ज्यांचा भार माझ्यावर पडतो ते दोष राहू द्या, हसं झालं तरी चालेल; ते झाकण्यात शक्ती घालवू नका. ज्यांचा भार समोरच्यावर पडतो तिथे ‘मी नवीन आहे’ हे कारण चालत नाही. तिथे जाणत्याला बोलवा, गोधडी उलटी करून दाखवा, त्याला नखाने टाका ओढू द्या. जाणत्यासमोर मागची बाजू दाखवायला लाज वाटते, पण नवशिक्याकडून निदान एवढ्या प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

हे मी गोधडीबद्दल लिहितोय, पण माझी बहीण आणि तिचा नवरा यांच्यापुढे याहून मोठं शिवणकाम आहे. पहिलं मूल नेहमी शिकाऊ हातांतच येतं. आईबापांनाही मूल वाढवता ‘येत’ नसतं. ते मूल वाढवता वाढवताच येतं, आणि ते शिकलं जातं त्याच मुलावर. त्यांनाही दोन्ही सल्ले मिळतील. कुणी म्हणेल, प्रेम आहे ना, मग झालं. कुणी दुसऱ्यांच्या टापटीप घरांचे फोटो दाखवेल. अंगाई बेसूर होईल, झबलं उलटं घातलं जाईल, मालिशची वेळ चुकेल. हे वाकडे टाके आहेत, ते राहू देत. लसीची तारीख, तापातली रात्र, रागाच्या भरात उचललेला हात, या ठिकाणी दोरा सैल पडलेला चालणार नाही. वाकडं काय आणि सैल काय, हे त्यांना रोज नव्याने ओळखावं लागेल, आणि आपण आजूबाजूच्या लोकांनी त्यांना वाकड्या ओळींवरून टोमणे न मारता गाठी तेवढ्या तपासायला मदत करायची आहे.